त्याच्या सालाचं पिंप

वाइनबद्दल कोणी माझ्यासमोर ज्ञान पाजळायला लागलं की हल्ली मी उठून आत जातो. बायको म्हणते, एवढं चिडायला काय झालं, तुम्हीच नाही का ग्लास हातात फिरवत तास तास बोलायचात? बोलायचो. खोटं कशाला सांगू? मस्कतच्या आमच्या कंपूत मी वाइनमधला जाणकार समजला जायचो. जाणकार म्हणजे काय, तर बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचणारा. त्या जाणकाराने ऑस्ट्रेलियात जाऊन काय दिवे लावले ते आज एकदाचं सांगून टाकतो. इतकी वर्षं बायकोलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

आम्ही तेव्हा मस्कतजवळ अल खौदला राहायचो. मी एका बांधकाम कंपनीत कंत्राटांचे कागद बघायचो. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यातला एकेक शब्द धरायचा आणि त्यावरून भांडायचं, यासाठी मला पगार मिळायचा. एका शब्दावरून मी समोरच्या माणसांना अक्षरशः रडवलेलं आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते एका शब्दावरूनच झालं, आणि तेव्हा माझं तोंड उघडलं नाही.

माझे दोन मित्र होते. एक पुण्याचा डेंटिस्ट, दुसरा मुंबईचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं कोणाच्या तरी घरी बसायचो. आणि चौथा होता फोरमन.

फोरमन मस्कतपासून लांब, डोंगरातल्या निझवाच्या एका वर्कशॉपमध्ये होता. ट्रक, डंपर, क्रेन असली मोठी धुडं तो दुरुस्त करायचा. मूळचा मालवणकडचा. आमची ओळख झाली ती भर मे महिन्यात, निझवाच्या रस्त्यावर माझी गाडी बंद पडली तेव्हा. आई-बाबा भारतातून आले होते, त्यांना किल्ला दाखवून परत येत होतो आणि गाडीतून वाफ यायला लागली. कोणीतरी फोन केला आणि हा पिकअप घेऊन आला. बॉनेट उघडलं, ऑइलची कांडी काढली, बघितलीसुद्धा नाही, नुसती नाकाजवळ धरली आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गेलं साहेब. आजींना उन्हात ठेवू नका, माझ्या खोलीवर चला." त्याच्या खोलीवर आम्ही बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलो. माझी आई त्याच्या कॉटवर एसी लावून दोन तास गाढ झोपली. उठल्यावर म्हणाली, हा मुलगा सोडू नकोस. मुलगा कसला, माझ्याच वयाचा बाप्या.

'तुम्ही'वरून 'तू'वर यायला आम्हाला चार वर्षं लागली. मी लगेच यायला तयार होतो, तो येत नव्हता. मग एकदा मी गुळगुळीत टायरवर मुलांना घेऊन पार लांब सूरला जाऊन आलो हे त्याला कळलं, आणि फोनवर तो ओरडला, "तुका अक्कल आसा काय रे? पोरांका घेवन गेलंस?" मी शिवी खाल्ली आणि मनातून इतका खूश झालो म्हणून सांगू! त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी 'तू' झालो. बाकीच्या दोघांना तो शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिला.

तो पीत नसे. बापाने घरदार पिऊन टाकलेलं, त्यामुळे त्याने कधी थेंबाला हात लावला नाही. पण पिणाऱ्यांत बसायला त्याची ना नव्हती. मस्कतला पार्ट आणायला आला की आमच्यात येऊन बसायचा, सोडा प्यायचा आणि चकणा सगळा एकटा फस्त करायचा.

अशाच एका गुरुवारी डेंटिस्टने ऑस्ट्रेलियाचा विषय काढला. दीड-दीडशे वर्षांच्या जुन्या वाइनरी, दगडी इमारती, द्राक्षांचे मळे, आणि त्यातल्या एकीच्या तळघरात म्हणे दर सालाचं एक पिंप ठेवलेलं आहे. गोड, घट्ट वाइन. तुम्ही तुमचं जन्मसाल सांगायचं, ते त्या सालाच्या पिंपातून थोडी काढून देतात. आम्ही तिघं एकदम पेटलो. सप्टेंबरात जायचं ठरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

फोरमन दाणे खात होता. त्याचा हात वाडग्यातच थांबला.

"सगळ्या सालांचां पिंप आसा?"

"सगळ्या."

"म्हणजे माज्या सालाचां पण आसतलां?"

"असणारच की. पण तू काय करणार? पीत नाहीस."

"चाखूचां नाय माका. नुसतो हात लावीन." मग जरा वेळाने, दाण्यांची सालं फुंकत म्हणाला, "औंदा आवस गेली. माज्या सालातलां आता कायएक उरलेलां नाय बघ."

आई गेल्याचं त्याने असं सांगितलं आणि मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, "चल आमच्याबरोबर. तुझ्या सालाच्या पिंपाला हात लावल्याशिवाय तुला परत आणायचो नाही. शब्द देतो." अगदी असंच म्हटलं. आणि म्हणताना ते खरं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

तो गेल्यावर डेंटिस्टने शंका काढली. तिकडे पिऊन गाडी चालवली तर पोलीस सोडत नाहीत. आणि गाडी चालवणार कोण? इकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, तिकडे भारतासारखी डाव्या. आमची ती सवय कधीच गेलेली. त्यावर बँकवाला म्हणाला, "अरे येड्यांनो, ड्रायव्हर तर आत्ताच मिळाला की! पीत नाही, आणि सुट्टीत गावी डाव्या बाजूने चालवतोच!" आम्ही खो खो हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. तिथून ते पिंप आमच्या डोक्यातून गेलं आणि ड्रायव्हर तेवढा राहिला.

त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने स्वतःचं तिकीट स्वतः काढलं, आणि त्यासाठी गणपतीची सुट्टी सोडली. कोकणातला माणूस गणपतीला गावी जात नाही म्हणजे काय, हे मी मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच्या भावाने फोनवर काय काय ऐकवलं असेल देव जाणे. मला तो एवढंच म्हणाला, "भाव बघतलो गणपती. तू शब्द दिलंस ना, मग झालां तर."

व्हिसाचे फॉर्म मी भरले, चौघांचे. त्यामुळे सगळ्यांचे पासपोर्ट माझ्याकडे आले. फोरमनचा उघडला, तर जन्मतारीख एक जून. बँकवाल्याने डोकावून बघितलं आणि टाळी मागितली, "हा पण एक जूनवाला!" आपल्याकडे ज्याची तारीख घरी कोणी लिहून ठेवली नाही, त्याला शाळेच्या गुरुजींनी जूनच्या पहिल्या तारखेला जन्माला घातलेलं असतं. आम्ही हसलो. मी एक जून, एकोणीसशे सहासष्ट असं टाइप केलं आणि पुढच्या फॉर्मला लागलो. आकडा डोक्यात पक्का बसला, कारण आकडे माझ्या डोक्यात बसतातच.

तळघराचं बुकिंगही मीच केलं. किती पाहुणे, असं विचारलं होतं. मी तीन लिहिलं. चौथा पीत नाही, त्याची खुर्ची कशाला? खाली एक चौकोन होता: बरोबर ड्रायव्हर आहे का? मी बरोबरची खूण केली. हे कागदावर वाचायला किती साधं वाटतं! तिथे गेल्यावर सांगू, की हा नुसता उभा राहील, असं मी मनाशी म्हटलं होतं. म्हटलं होतं का खरंच? आता मलाही खात्री देता येत नाही.

ऑस्ट्रेलियातले पहिले दोन दिवस मात्र फार मजेत गेले. सकाळी हॉटेलबाहेर गाडी लावून फोरमन मागचं दार उघडायचा, कमरेत वाकायचा आणि ओरडायचा, "यल्ला अर्बाब!" यल्ला म्हणजे चला, आणि आखातात मालकाला अर्बाब म्हणतात, मजूर म्हणतात ते. आम्ही हसून मरायचो. मग डेंटिस्ट आणि बँकवाला मागे, मी पुढे त्याच्याशेजारी. द्राक्षांच्या ओळींना नुकती पालवी फुटलेली, मधूनच एखादं दगडी चर्च, रस्त्याला चिटपाखरू नाही. तो ट्रॅक्टर दिसला की गाडी हळू करायचा. कोणत्या कंपनीचा, किती जुना, सायलेन्सर कसा वाजतोय, सगळं सांगायचा. आम्ही वाइनरींबद्दल त्याला जेवढं सांगितलं, त्यापेक्षा त्याने आम्हाला ट्रॅक्टरांबद्दल जास्त सांगितलं.

वाइनरीत गेलं की लांबलचक लाकडी टेबलामागे कोणीतरी उभं असायचं. ते ग्लासात घोटभर ओतणार, आपण फिरवायची, वास घ्यायचा, तोंडात घोळवायची आणि शेजारच्या भांड्यात थुंकायची. त्या भांड्याला आम्ही पिकदाणी म्हणायला लागलो. थुंकणं मात्र आमच्यातल्या एकालाही जमेना. दिवसभर लोकांना 'चूळ भरा, थुंका' म्हणणारा डेंटिस्ट, तोसुद्धा गटागट गिळत होता. "माझ्या हातून पाप होणार नाही," म्हणायचा. संध्याकाळपर्यंत आम्हा तिघांचे डोळे लाल आणि फोरमन आपला द्राक्षाचा रस पिऊन ताजातवाना.

दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट सांगायलाच हवी. एका ठिकाणी आम्हाला एक जुनी, तांबडी वाइन दिली. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि सुरू केलं. काय बॉडी आहे, मातीचा गंध आहे, जुन्या लाकडाचा आहे. बँकवाल्याने मान डोलावली. फोरमनला प्रत्येक ग्लासाचा वास घ्यायची सवय लागली होती, तसा त्याने माझा ग्लास उचलला आणि नाक मुरडलं. "ही गेलेली आसा रे. भिजलेल्या गोणपाटाचो वास येता."

मी म्हटलं, गप रे, तुला काय कळतंय. पण टेबलामागच्या म्हाताऱ्याने काय म्हणतोय म्हणून विचारलं, डेंटिस्टने गंमत म्हणून भाषांतर केलं, आणि म्हाताऱ्याने तो ग्लास स्वतःच्या नाकाशी नेला. त्याचा चेहरा पडला. बूच खराब झाल्याने बाटली नासली होती. ओल्या पुठ्ठ्याचा, गोणपाटाचा वास हीच त्याची खूण. त्याने आमची माफी मागितली, नवी बाटली फोडली आणि फोरमनशी हात मिळवून विचारलं, तुम्ही याच धंद्यात का? फोरमन म्हणाला, "नो नो. डिझेल." आम्ही सगळे हसलो, मीही हसलो, पण मला ते लागलं होतं. आपल्या मातीच्या गंधाचं काय झालं, हे कोणी काढू नये म्हणून मी लगेच निघायची घाई केली. एवढ्याशा गोष्टीचा राग मी मनात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला असं आता मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी ते तळघर होतं.

फोरमन सकाळी लवकर उठून आंघोळ करून तयार. निझवाच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला नवा चौकड्यांचा शर्ट, कडक इस्त्री. पट्ट्याला मोबाइलचं चामडी पाकीट. आणि कपाळावर अष्टगंधाचा ठसठशीत टिळा. "गणपतीचे दिवस आसत," म्हणाला. गणपतीचे होतेच, पण तो नटला होता पिंपासाठी, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "माज्या सालाची पण एक गंमत आसा हां. आवस काय सांगायची..." तेवढ्यात बँकवाल्याने मागून कसलासा चावट विनोद सुरू केला, वळणही आलं, आणि मी म्हटलं, "नंतर सांग रे, आधी उजवीकडे घे." त्याने उजवीकडे घेतलं. पुन्हा तो विषय काढला नाही.

वाइनरीच्या दारात छोटी रांग होती. चांगले कपडे घातलेली माणसं, हळू आवाजात बोलणारी. आमचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या बाईने यादी बघितली आणि हसून विचारलं, "तळघरासाठी तीन जण ना?" मग तिची नजर फोरमनवर गेली. टिळ्यावर, पट्ट्याच्या पाकिटावर, सँडलमधल्या मोज्यांवर. "आणि हे?"

मी म्हणालो, "ही इज अवर ड्रायव्हर."

बाई प्रेमाने म्हणाली, "अरे वा, ड्रायव्हर लोकांची सोय मागच्या बाजूला आहे. चहा आहे, सँडविच आहे, बसच्या ड्रायव्हरांबरोबर आरामात बसा म्हणावं." तिची काहीच चूक नव्हती. ती माझं वाक्य ऐकून माझ्या ड्रायव्हरची काळजी घेत होती.

फोरमनला इंग्रजी बेताचं येतं, पण एवढं कळायला बेताचंही पुरतं. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी आता बोलेन, एवढ्याच भरवशाने बघितलं. काय बोलायचं होतं हो? हा माझा मित्र आहे, याला पिंप बघायचंय, उभं राहून बघेल. तीन वाक्यं. ती बाई नाही म्हणाली नसती. कागदावरच्या एका शब्दासाठी तासतासभर भांडणारा मी, तीन वाक्यांना महाग झालो.

खुर्च्या तीनच होत्या, मागे लोक खोळंबले होते, ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला देऊन बघितली आहेत. खरं कारण वेगळंच आहे. त्या बाईच्या नजरेने मी त्याच्याकडे बघितलं, आणि मला त्याची लाज वाटली. त्या टिळ्याची वाटली, त्या पाकिटाची वाटली. ज्याच्या कॉटवर माझी आई झोपली होती, त्याची मला लाज वाटली. झालं, लिहून टाकलं.

"जावा तुमी," फोरमन म्हणाला. "मी बसतंय थय."

'तुमी' तो आम्हा तिघांना उद्देशून म्हणाला, असं मी धरून चाललो.

तळघर थंडगार होतं. दोन्ही बाजूंना काळपट पिंपांच्या ओळी, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात साल. एका तरुणीने आम्हा तिघांना आपापल्या सालातून पळीभर काढून दिली. काकवीसारखी घट्ट आणि काळी, आणि चव म्हणे मनुकांची. डेंटिस्टचे डोळे पाणावले. वडील त्याच साली बदली होऊन कुठे कुठे गेले होते ते सांगायला लागला. बँकवाला ग्लासाचा तळ बोटाने पुसून चाटत होता. आणि मी? मला वास येईना, चव कळेना. जिभेवर नुसती साखर. काउंटरवर त्या दोघांनीही चकार शब्द काढला नव्हता, पण आमच्यात चौथा नाही हे तिघांनाही कळत होतं. 

मग मला एक अक्कल सुचली. मी ओळीने सालं वाचत गेलो आणि सहासष्टच्या पिंपापाशी थांबलो. त्यावर हात ठेवला आणि डेंटिस्टला म्हटलं, फोटो काढ. म्हटलं, त्याला दाखवू. हात लावायचा होता ना त्याला, मी त्याच्या वतीने लावला. बाहेर पडताना दुकानातून सहासष्टचीच एक छोटी बाटलीही घेतली. मन एकदम हलकं झालं. काय पण माणूस असतो! तासाभरापूर्वी मित्राला मागच्या दाराने पाठवलं, आणि आता त्याच्यासाठी भेटवस्तू घेऊन स्वतःची पाठ थोपटतोय.

फोरमन गाडीपाशी होता. आम्हाला बघून त्याने मागचं दार उघडलं. 'यल्ला अर्बाब' नाही, वाकणं नाही. नुसतं उघडलं आणि धरून उभा राहिला. मी पुढच्या दाराकडे वळलो, तेव्हा पुढच्या सीटवर आमच्या पाण्याच्या बाटल्या आणि जॅकेटं नीट रचून ठेवलेली दिसली. मी ती उचलून मागे देत पुढे बसलो. "चहा बरा होता काय?" मी विचारलं. "बरा होता," तो म्हणाला आणि आरसा नीट केला.

उरलेले दोन दिवस तो वागायला अगदी पहिल्यासारखा. रस्ता विचारायचा, ट्रॅक्टर दाखवायचा. आणखी दोन ठिकाणी आम्ही टेस्टिंगला गेलो, तिथे तो आपणहून गाडीतच थांबला. कोणी 'चल आत' म्हटलं नाही असं नाही. डेंटिस्टने म्हटलं. मी म्हटलं नाही, माझी हिंमत झाली नाही. परतताना मस्कत विमानतळावर माणशी दोन बाटल्या आणायची मुभा, म्हणून त्याच्या वाट्याच्या दोनही आमच्याच भरल्या होत्या. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस आमच्या दोन बाटल्या छातीशी धरून कस्टममधून बाहेर आला, आणि बाहेर येताच माझ्या हातात देऊन निझवाच्या टॅक्सीच्या शोधात निघून गेला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी एकटा निझवाला गेलो. माफी मागायची होती. दीडशे किलोमीटर गाडीत वाक्यं जुळवत गेलो. शेजारच्या सीटवर ती छोटी बाटली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

वर्कशॉप बंद होतं. मागच्या खोलीत तो एकटाच, भाजी निवडत बसलेला. मला बघून उठला, खुर्ची पुसली, चहा टाकला. मी बाटली त्याच्या हातात दिली आणि जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही न म्हणता बडबडत सुटलो. अरे, तिथे जागाच नव्हती, बुकिंगचा घोळ झाला, पण मी तुझं विसरलो नाही बघ. तुझ्या सालाची आहे. पिऊ नकोस, नुसती ठेव. आईची आठवण म्हणून ठेव.

त्याने कागद सोडला. चष्मा लावला. लेबलवर बोट ठेवून आकडा वाचला. मग बाटली टेबलावर ठेवली, सावकाश, आवाज होऊ न देता.

"ह्यां माजां साल न्हय," तो म्हणाला. "ह्यां पासपोर्टाचां."

मला आधी काही कळेना. मग त्याने सांगितलं, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्याची आई भरल्या दिवसांची होती. मातीची भिंत अंगावर येता येता राहिली, ती परसात धावली, आणि पुढच्याच आठवड्यात हा झाला. सदुसष्टचा डिसेंबर. शाळेत घातलं तेव्हा पटावर पोरं कमी होती, म्हणून गुरुजींनी वय वाढवून सहासष्टचा एक जून लावला. तेव्हापासून सगळे कागद सहासष्टचे. खरं साल फक्त आईला माहीत. "तां ती भूकंपावरना सांगायची," तो म्हणाला. "म्हणान तां पिंप बघूचां व्हतां. एक तरी वस्तू खऱ्या सालाची."

गाडीत तो हेच सांगणार होता. मी त्याला उजवीकडे वळायला लावलं होतं. एक जून म्हणजे काय, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. त्यावर मी टाळी दिली होती. तरीही त्याचं साल कुठलं, हे त्याला विचारावं असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी कागदच वाचला. आणि एवढं होऊनही मला वाटलं, अजून काहीतरी वाचवता येईल. मी मोबाइल काढला. "अरे पण फोटो आहे! पिंपांची ओळ दिसते त्यात..."

फोटोत मध्यभागी मी. दात काढून हसतोय, हात सहासष्टच्या पिंपावर. त्याने मोबाइल घेतला, हात फडक्याला पुसले, आणि जाड बोटांनी फोटो मोठा केला. मला बाजूला सरकवलं. आणखी सरकवलं. अगदी कडेला पुढच्या पिंपाचा एक तुकडा आला होता. त्यावर पांढऱ्या रंगात एक, नऊ, सहा. त्यापुढचा आकडा फोटोच्या बाहेर कापला गेला होता.

बराच वेळ तो ते बघत राहिला. एकदा त्याने त्या जागी काचेवर अंगठा टेकवला. तेवढ्यात स्क्रीन विझली, ती त्याने पुन्हा लावली.

"ह्याच आसतलां," तो म्हणाला. मग मोबाइल दोन्ही हातांनी मला परत दिला. "तुमी फोटो काडलात, बरां केलात."

मी मागे वळून बघितलं. दार बंद होतं, आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.